लेकरांची बाळंतपणं

प्रसूतिकक्षात बाई आली की केसपेपरवर नावापुढे वय लिहायचं असतं. मराठवाड्यातल्या आमच्या उपजिल्हा रुग्णालयात हा प्रश्न मुलीला विचारला तरी उत्तर सासू देते, आणि ते बहुतेकदा ‘एकोणीस’ असतं. अठरा म्हटलं तर काठावरचं वाटतं, वीस म्हटलं तर पोरीकडे बघून कुणाचा विश्वास बसणार नाही. मी वय लिहायच्या आधी मुलीला विचारते, “शाळेत कितवीपर्यंत होतीस?” शाळेबद्दल काय सांगायचं ते घरून कुणी पढवून पाठवलेलं नसतं. “नववीची परीक्षा दिली, मग लग्न झालं,” असं ती सरळ सांगते. परीक्षा कोणत्या वर्षी दिली ते विचारलं की हिशोब जुळतो. पंधरा. सोळा. कधी सतराला दोन महिने कमी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालं होतं, असं तिच्यात निघालं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं आणि बीडमध्ये ४४ च्या घरात. १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. वर्तमानपत्रात हे आकडे आले तेव्हा पुण्याकडच्या माझ्या नातेवाइकांनी फोन करून विचारलं, खरंच एवढं आहे का? आमच्या वॉर्डात त्या दिवशी तीन खाटांवर अशा मुली होत्या.

यामागचं मोठं कारण ऊसतोड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. त्याचं लग्न लावलं की कोयता पूर्ण होतो, उचल वाढते. मुलीकडच्या घरातही अडचण असते. आईबाप दोघंही तोडीला जाणार, मग वयात आलेली पोर सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? हा प्रश्न खोटा नाही. मी या आयांशी वर्षानुवर्षं बोलते आहे. पोरीचं वाईट व्हावं असं वाटणारी त्यांतली एकही नव्हती.

पण त्याचा परिणाम आमच्या टेबलावर येतो. मुलगी लग्न होऊन फडावर जाते, तिथे दिवस जातात. पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी, रक्त-लघवीची तपासणी, धनुर्वाताचं इंजेक्शन, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या व्हायला हव्यात. तो सगळा काळ ती मोळ्या उचलत असते. पाडव्याच्या आसपास टोळ्या परततात तेव्हा ती पाच महिन्यांची असते आणि माता-बाल संरक्षण कार्ड कोरं असतं.

अशीच एक मुलगी एप्रिलच्या नऊ तारखेला आमच्याकडे आली. दर महिन्याच्या नऊ तारखेला सगळ्या गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी होते, २०१६ पासूनचा हा कार्यक्रम आहे, त्यामुळे त्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. ती सासूच्या मागे उभी होती. पदर डोक्यावर, नजर खाली. पापणीची आतली बाजू पाहिली, पांढरी फटक. हिमोग्लोबिन ६.८ आलं. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. एवढ्या रक्तावर ती घरून चालत स्टँडपर्यंत आली होती.

मी सासूला म्हटलं, “मावशी, तुम्ही जरा बाकावर बसा, मी हिचं वजन करून आणते.” वजनकाट्याची खोली छोटी आहे आणि तिला दार आहे. त्या खोलीचा मला फार उपयोग होतो. आत गेल्यावर विचारलं, “माती खावीशी वाटते का?” ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “पाटीवरची पेन्सिल खाते.” धाकट्या दिराच्या दप्तरातून घेऊन खायची. रक्त फार कमी झालं की अशी इच्छा होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, रक्त वाढलं की ती जाते, हे मी तिला सांगितलं. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. पिशवीत लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं होती, आशाताईंनी दिलेली, एकही गोळी न घेतलेली. “खाल्ल्या की बाळ मोठं होतं, मग पोट फाडावं लागतं, असं सगळ्या म्हणतात.”

ही समजूत आमच्याकडे घरोघरी आहे. बाळ लहान राहिलं तर सुटका सोपी होईल म्हणून गरवार बाईला जेवणही कमी वाढतात. तिशीच्या बाईला रक्त कमी असणं वाईटच, पण सोळाव्या वर्षी तिचं स्वतःचं शरीर अजून वाढायचं असतं. हाडं भरायची असतात, कटीचा भागही पुरता रुंद झालेला नसतो. जे काही ताटात पडतं त्यावर दोन वाढणारी लेकरं हक्क सांगतात. बाळंतपणात बाळ अडणं, रक्तदाब वाढणं, दिवस भरायच्या आत कळा येणं, बाळ कमी वजनाचं होणं, हे सगळं या वयात जास्त. म्हणून कार्डावर लाल स्टिकर लागतो, अतिजोखमीची माता.

नर्सिंगच्या पुस्तकात एवढं सगळं लिहिलेलं आहे. पुस्तकात नसतं ते असं, की ती वॉर्डात येईपर्यंत तिच्याशी याविषयी कुणीही बोललेलं नसतं. डॉक्टर सासूशी बोलतात, सासू नवऱ्याला सांगते, नवरा आपल्या आईला विचारतो. तिच्या पोटाबद्दलचं सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून जातं. मी तिच्याशी बोलते. गोळी तिच्या हातात देऊन सांगते. जेवणानंतर तासाभराने घे, चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घे, शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. मग तिलाच परत सांगायला लावते. नववीपर्यंत शिकलेली मुलगी असते, एकदा सांगितलेलं तिच्या नीट लक्षात राहतं. सासूला नंतर बोलावून तेच सगळं आदराने सांगते, कारण ताट तिच्या हातात असतं. त्या दिवशीची सासू माझ्यापेक्षा लहान निघाली. तिचं पहिलं बाळंतपणही सोळाव्या वर्षी फडावरच्या कोपीत झालं होतं आणि ते मूल जगलं नव्हतं. हे तिने मला कुणी न विचारता सांगितलं.

त्या मुलीला दाखल करून घेतलं. शिरेतून लोह सुरू केलं, १०० मिली सलाईनमध्ये, एक दिवसाआड. आणि आधार कार्डावरून वय पक्कं झालं, सोळा वर्षं सात महिने.

पुढे काय करायचं ते कायद्याने ठरवून दिलेलं आहे. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात कलम १९ प्रमाणे ते बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लग्न झालेलं असलं तरी फरक पडत नाही, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कळवलं. नवरा वीस वर्षांचा होता. गुन्हा नोंदला गेला, त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी सासूने सलाईनचा तिसरा डोस व्हायच्या आधी मुलीला उचललं आणि सगळे निघून गेले. जाताना ती मुलगी मला म्हणाली, “तुमीच सांगितलं ना पोलिसांला?” मी हो म्हटलं. तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की असं कळवावं लागणार आहे, का लागणार आहे आणि पुढे काय काय होईल. तरी तिचा राग खरा होता आणि तो ऐकून घेणं माझं काम होतं.

मे महिन्यात ती आली नाही. जूनच्या नऊ तारखेलाही नाही. तीव्र रक्तक्षय असलेली, पहिलटकरीण, सोळा वर्षांची मुलगी दोन महिने कुणाच्या नजरेत नव्हती. गावच्या आशाताई तीनदा घरी जाऊन आल्या, दोनदा दारातून परत पाठवलं गेलं.

हा कायदा नको, असं मी म्हणणार नाही. तो का हवा ते मी याच वॉर्डात पाहिलेलं आहे, पुढे सांगते. पण पोलिसांच्या भीतीने घरं पोरीला लपवतात, वय खोटं सांगतात, गावातच सुईणीकडून सोडवणूक करतात, हेही मी पाहिलेलं आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या बाबतीत एक वाट काढून दिली. मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-पत्ता उघड करायची गरज नाही, असं म्हटलं. बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलीला अशी सवलत नाही. निदान आमच्या हातात आहे तेवढं तरी नीट व्हावं. जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये, हे कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात खाकीतला माणूस वॉर्डाच्या दारात येऊन मुलीचं नाव मोठ्याने विचारतो आणि शेजारच्या बारा खाटा वळून बघतात. मी आता त्यांना आधी आमच्या खोलीत बसवते, चहा देते आणि महिला अधिकारी साध्या कपड्यांत पाठवा म्हणून सांगते. बहुतेक जण ऐकतात. तिच्या फाईलच्या वरच्या पानावर काहीही मोठ्या अक्षरांत लिहू देत नाही. ड्यूटी बदलताना अशा मुलीची माहिती आम्ही खाटेजवळ उभ्या राहून देत नाही, आत बसून देतो.

जूनच्या अखेरीस आशाताई त्या मुलीला घेऊनच आल्या. नवरा जामिनावर सुटला होता, म्हणून घरच्यांचा राग थोडा उतरला होता. रक्त ८.१ झालं होतं. ती गोळ्या घेत होती. कुणाला न सांगता, रोज, लिंबू पिळून.

जुलैत ती पुन्हा आली तेव्हाची एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण नव्याने कामाला लागणाऱ्या सिस्टरांना मी ती मुद्दाम सांगते. बीपी मोजायचा पट्टा ओपीडीत मोठ्यांच्या मापाचा असतो. या मुलीचा दंड इतका बारीक की पट्टा दीड वेळा गुंडाळला जाई. दंडाला पट्टा फार मोठा पडला की बीपी असतं त्यापेक्षा कमी दिसतं. शिकाऊ सिस्टरने १२२/७८ लिहिलं होतं, म्हणजे नॉर्मल. मला तिचा चेहरा सुजल्यासारखा वाटला, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मुलांच्या वॉर्डातून लहान पट्टा मागवला, तिला पाच मिनिटं टेकून बसवलं, हात टेबलावर ठेवला आणि पुन्हा मोजलं. १३४/९०. एप्रिलमध्ये तिचं बीपी याच लहान पट्ट्याने ९६/६० होतं. “डोकं दुखतं का?” “दुखतं.” “डोळ्यांपुढे काही चमकतं?” “परवापासून काजवे दिसतात. आत्याबाई म्हणल्या अशक्तपणानं होतं.” लघवीत प्रथिनं दोन प्लस. डॉक्टरांनी लगेच दाखल केलं. पहिल्या खेपेच्या कोवळ्या मुलींमध्ये गरोदरपणातला रक्तदाब जास्त दिसतो. त्यांचं मूळचं बीपी कमी असल्यामुळे तो १४०/९० ची रेषा ओलांडायच्या आधीच त्रास द्यायला लागू शकतो. लहान मापाचा पट्टा आता आमच्या ओपीडीच्या टेबलावर कायमचा आहे.

दाखल असताना मोकळा वेळ मिळाला तो मी तिला बाळंतपण समजावून सांगण्यात घालवला. बाळ नेमकं कुठून येतं हे तिला माहीत नव्हतं. हे वाचून कुणाला खोटं वाटेल, पण या वयाच्या कितीतरी मुली मला विचारतात, बेंबी उघडते का? मी बाळाची लोकरीची टोपी घेते. तिच्या मुठीवर ती उलटी धरते, तोंडाकडची बाजू वर, आणि हळूहळू खाली ओढते. मूठ म्हणजे बाळाचं डोकं. टोपीचं तोंड आधी जाड आणि बंद असतं, कळ आली की ओढलं जातं, पातळ होतं, उघडतं, दोन बोटं, चार बोटं, मग मूठ आख्खी बाहेर. “एवढं उघडायला वेळ लागतो, म्हणून कळा एवढा वेळ येतात. दोन कळांच्या मधे दुखत नाही, तेव्हा श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं.” तिने टोपी माझ्या हातून घेतली आणि स्वतःच्या मुठीवरून दोन-तीनदा ओढून पाहिली. शेजारच्या खाटेवरची दुसऱ्या खेपेची बाईही उठून बघायला आली. म्हणाली, “मला पयल्या टायमाला कुणी सांगितलं असतं तर एवढी वरडले नसते.”

आतून तपासणी करायची असते तेव्हा मी आधी सांगते, मग विचारते, मग हात लावते. पडदा ओढलेला, चादर गुडघ्यांवर, खोलीत लागतील तेवढीच माणसं. “आता मी दोन बोटांनी तपासणार आहे, दुखलं तर थांब म्हण, मी थांबेन.” आणि ती थांब म्हणाली की थांबायचं. या मुलींना आपल्या शरीराबद्दल कुणी परवानगी विचारू शकतं याची सवयच नसते. ज्यांच्यावर जबरदस्ती झालेली असते त्या तर हात लागताच आवळून घेतात. “पाय सैल सोड की,” असं ओरडून ते पाय सैल होत नाहीत.

ओरडण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. प्रसूतिकक्षांत बायकांना काय बोललं जातं ते या राज्यातल्या हजारो बायकांना पाठ आहे. ‘तेव्हा लाज वाटली नाही, आता कशाला रडतेस’ या चालीची वाक्यं मी नोकरीला लागले तेव्हा सर्रास ऐकली आहेत. कामाचा ताण असतो, एका सिस्टरच्या अंगावर चार-चार बाळंतपणं असतात, हे सगळं खरं. पण सोळा वर्षांच्या मुलीला हे वाक्य ऐकवणं म्हणजे ज्या गोष्टीत तिला कुणी विचारलंच नाही तिची शिक्षा तिला देणं आहे. माझ्या पाळीत असं वाक्य कुणी उच्चारलं तर मी तिथल्या तिथे थांबवते, ती व्यक्ती कुणीही असो. सरकारचा प्रसूतिकक्षांसाठीचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आल्यापासून सन्मानाने वागवणं आणि कळांच्या वेळी सोबतीला एक बाई असणं हे कागदावरही आलं आहे. त्याचा आधार घेऊन मी मुलीला विचारते, “तुझ्याजवळ कोण हवं?” जवळजवळ सगळ्या म्हणतात, आई. मग आईला बोलावणं पाठवते. सासूला वाईट वाटतं, तिला मी बाळाचे कपडे तयार ठेवायला सांगते.

त्या मुलीला दिवस भरायच्या तीन आठवडे आधी कळा सुरू झाल्या. रात्री बीपी १६०/११० वर गेलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट द्यावं लागलं, आधी शिरेतून सावकाश, मग दोन्ही कुल्ल्यांत खोल, प्रत्येकी १० मिली. एवढं औषध जिरवायला अंगावर मांस तर हवं. मी तिला आधीच सांगितलं, अंगात गरम लाट आल्यासारखं वाटेल आणि इंजेक्शन खूप दुखेल. आईने तिचं डोकं मांडीवर धरलं. मग पहाटेपर्यंत माझं काम ठरलेलं होतं. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचे, लघवीच्या पिशवीतले मिली मोजायचे, बाळाचे ठोके ऐकायचे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी ट्रेमध्ये समोर ठेवायची, कारण औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास मुलगी झाली. वजन १ किलो ९०० ग्रॅम. रडली लगेच.

बाळाला नवजात शिशू कक्षात न्यावं लागलं. आईच्या अंगाला अंग लावून बाळ ठेवायची कांगारू पद्धत मी तिला शिकवली आणि तिच्या नवऱ्यालाही. तो शर्टाची बटणं काढून खुर्चीत बसला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. त्याच्यावर खटला आहे, तो चालेल, न्यायालय काय ते ठरवेल. बाळाला ऊब हवी होती.

आता दुसऱ्या मुलीबद्दल, जिच्यामुळे मला तो कायदा हवासा वाटतो. दहावीतली, लग्न न झालेली. पोटात दुखतं म्हणून आई घेऊन आली होती. सोनोग्राफीत अठ्ठावीस आठवडे निघाले. माणूस नात्यातला होता. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलींसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, दोन डॉक्टरांच्या मताने. ती मुदत गेलेली होती, आणि वकिलामार्फत कोर्टात जायचं सांगितलं तेव्हा आईचं धैर्य संपलं होतं. मुलीने आपल्याला पाळी येत नाही हे सात महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दर महिन्याला ती पॅड काढून कचऱ्यात टाकत होती, आईला कळू नये म्हणून.

ती आमच्याकडे दाखल होती तेव्हा तिला कोपऱ्यातली खाट दिली, बाळंतिणींपासून लांब. पुस्तकं मागवली. गणिताची वही ती उशीखाली ठेवायची. बाळ झाल्यावर काय, हे सगळं मोठ्यांनी ठरवलं होतं. बाळ बालकल्याण समितीकडे सोपवायचं. कायद्याने दोन महिन्यांत निर्णय बदलता येतो, तेही समितीच्या बाईंनी समजावलं. एक गोष्ट मात्र कुणी विचारली नव्हती, ती मी विचारली. “तुला बाळाला बघायचंय का?” आई म्हणाली, “नको, कशाला उगी माया लागायची.” मुलगी म्हणाली, “बघायचंय.” मी आईला बाहेर नेलं, बसवलं, समजावलं. मग दुपट्यात गुंडाळून बाळ आणलं. तिने हात लावला नाही. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “न्या.”

तिसऱ्या दिवशी रात्री तिला थंडी वाजून ताप आला. मी पाहिलं तर पोलकं पुढून ओलं झालं होतं. दूध उतरलं होतं. बाळंतपणानंतर दूध येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण बाळ द्यायचं ठरलेलं असल्याने त्याबद्दल बोलायची गरज कुणाला वाटली नव्हती. ती घाबरून रडत होती, “माझ्या अंगातून हे काय येतंय?” मी शेजारी बसले. बाळ झालं की शरीर दूध तयार करतं, बाळ जवळ आहे की नाही हे त्याला कळत नाही, यात तुझं काही चुकलेलं नाही, चार-पाच दिवसांत ते थांबेल. डॉक्टरांना उठवून दूध आटायची गोळी लिहून घेतली, छातीवर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, घट्ट बसणारं कापड बांधलं, दाबून काढू नकोस म्हणून सांगितलं. तोवर ती माझा हात धरून झोपली होती. ज्या बाळंतिणीचं बाळ जवळ नसतं तिला दुधाबद्दल आधीच सांगायचं, असं मी आमच्या वॉर्डच्या वहीत लिहून ठेवलं आहे. घरी जाताना तिला मी बोर्डाच्या फॉर्म नंबर १७ बद्दल सांगितलं. शाळेत परत जायचं नसेल तर बाहेरून दहावीला बसता येतं. तिच्या आईला ते माहीत नव्हतं. आईने ते कागदावर माझ्याकडून लिहून घेतलं.

ऊसतोडीची मुलगी दीड महिन्याची लस द्यायला बाळ घेऊन आली तेव्हा सप्टेंबर लागला होता. बाळ ३ किलो २०० ग्रॅम झालं होतं, फक्त अंगावरच्या दुधावर. तिचंही बीपी मी लहान पट्ट्याने मोजलं, नॉर्मल होतं. रक्त मात्र अजून नऊच होतं, म्हणून गोळ्या चालू ठेवायला सांगितलं. सासू रांगेत बाळ घेऊन उभी राहिली आणि ही आपणहून माझ्यामागे वजनकाट्याच्या खोलीत आली. दार लोटलं आणि म्हणाली, “ते तीन महिन्यांचं विंजेक्शन सांगितलं होतं ना तुमी, ते मला घ्यायचंय. दुधाला काय होत नाही ना?” दुधाला काही होत नाही, पाळी कमी-जास्त होऊ शकते, कधी थांबतेही, त्याला घाबरू नकोस, असं सांगून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, विचारलं, मग ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दिलं. तिथे चोळू नकोस, शेकू नकोस म्हणून बजावलं.

पुढची तारीख डिसेंबरात येत होती. तेव्हा टोळी सांगलीकडे असणार, हे तिनेच सांगितलं. मी कार्डावर तारीख लिहिली, तिच्या आधी दोन आठवडे आणि नंतर चार आठवडे चालतं तेही लिहिलं आणि कारखान्याजवळच्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात हे कार्ड दाखव, पैसे लागत नाहीत, असं सांगितलं. तिने कार्ड वाचून काढलं, तारखा एकदा बोटावर मोजल्या आणि मग विचारलं, “बाळाची अडीच महिन्याची लस पण तिथंच द्यायची का?”